रूळ उपटल्यानंतरची पाच चाळीस

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटत नसेल तर पुढे वाचू नका.

आमची रेल्वे खाणीपासून बंदरापर्यंत, बावीस मैल. सुरू झाल्यापासून सात वर्षांत खाण आटली आणि गाडीही बंद झाली. अप्पा, म्हणजे माझे वडील, फाटकवाले. नोकरी गेली होती, पण फाटकाशेजारच्या खोलीत रेल्वेच्या साहेबांनी महिनाभर राहू दिलं होतं.

मी अकरा वर्षांची. मंगळवारची संध्याकाळ, अजून लख्ख उजेड. उपटलेले रूळ भरून ठेकेदाराचा ट्रक फाटकाशी आला.

तेवढ्यात खोलीतली, गाडी येत असल्याची वर्दी देणारी घंटा वाजली...

तिची तार आठवड्यापूर्वीच कापली होती.

अप्पांनी घड्याळ पाहिलं. पाच चाळीस, गाडीची रोजची वेळ. उठले आणि फाटक लावलं.

"अहो फाटकवाले," ट्रकमधून उतरत ठेकेदाराचा मुकादम हसला, "रूळ माझ्या ट्रकमध्ये आहेत. गाडी काय उडत येणार?"

"घंटा झाली. गाडी गेल्याशिवाय उघडणार नाही."

"नोकरी गेली, आता डोकंही गेलं! साहेबांना सांगू? उद्या रस्त्यावर याल."

आई दारातून म्हणाली, "अहो, उघडा ना. पोरीला घेऊन कुठे जायचं?"

अप्पा हलले नाहीत. मीही फाटकाला लटकले. मुकादमाने माझं मनगट धरलं.

आणि ट्रकमधले रूळ गुणगुणू लागले...

गाडी लांबवर असताना गुणगुणतात, अगदी तसेच.

मनगट सुटलं.

समोर नुसती खडी. तिच्यावरून गरम वारा आला. कोळशाचा वास. दिसलं काहीच नाही.

वाऱ्याचा एक झोत... मग दुसरा... तिसरा... चौथा.

मग शांतता. रूळही गप्प.

"गेली बाबा तुमची गाडी," मुकादम कसाबसा बोलला. "उघडा आता."

"चारच डबे गेले," अप्पा म्हणाले. "आपली गाडी पाच डब्यांची. चढावर मागचा डबा सुटतो कधी कधी. मोजणी पुरी झाल्याशिवाय फाटक उघडत नसतात."

ट्रक आल्या वाटेने परत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "भ्रम झाला होता असं लिहून द्या, खोली ठेवतो."

अप्पांनी नोंदवही ओढली. लिहिलं: पाच चाळीस. चार डबे गेले. एक बाकी. खाली त्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी.

खोली गेली. दुपारी आम्ही बोचकी उचलली. आई एवढंच म्हणाली, "सही तरी सरळ काढायचीस गं!"

आज मी ऐंशीची आहे. लोक म्हणतात, आजी, वारा असेल. म्हणू देत. मी सही मागे घेणार नाही.

फक्त एवढंच... त्या जागेवरून आता मोठा रस्ता गेलाय. फाटक नाही.

आणि पाचवा डबा अजून आलेला नाही.