मटिल्डाला उत्तर देणारी

मटिल्डाच्या नावाचा मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये होणारी प्रार्थना, सांगायला ग्लोरिया शनिवारी दुपारी चर्चच्या कचेरीत गेली, तेव्हा ऊन अजून पायऱ्यांवर होतं. काम साधं होतं. वहीत नाव लिहायचं, तारीख घ्यायची, येताना मेणबत्त्यांचा पुडा घ्यायचा आणि सातच्या आत घरी परतायचं.

"कोणाकडून लिहू?" कचेरीतल्या माणसाने विचारलं.

"घरच्यांकडून."

"घरचे म्हणजे..."

"घरचे," ग्लोरिया म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्या शब्दात आता आपण एकट्याच उरलो आहोत.

मटिल्डा सत्तर वर्षांची होऊन जुलैत गेली. ग्लोरिया तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. आईबाप गेले, भाऊ गॅब्रिएल परदेशी गेला आणि तिकडेच वारला, तरी केळीच्या वाडीतल्या त्या कौलारू घरात दोघी बहिणी राहत होत्या. शेजारचा फ्रान्सिस कुंपणापलीकडून थट्टेने म्हणायचा, "या घरात आख्खं बायबल आहे. मोठी बाय जुना करार, धाकटी बाय नवा करार."

ते खोटं नव्हतं. आळीतलं शेवटचं लाल लुगडं मटिल्डाचं, आणि आळीतली पहिली स्कूटर चालवणारी बाई ग्लोरिया. ग्लोरिया शाळेत शिकवायची. पहिल्या पगारवाढीत तिने मिक्सर आणला, तर मटिल्डाने त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं आणि मसाला पाट्यावरच वाटला. ग्लोरियाने विचारलं तर म्हणाली, "ते ओरडतं. मला ओरडणारं माणूस घरात चालत नाही."

एका गोष्टीवर मात्र दोघींचा कधी वाद झाला नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की सात वाजता माळेची प्रार्थना. घरातल्या वेदीसमोर चटई, चटईवर उजवीकडे मटिल्डा, डावीकडे ग्लोरिया, मध्ये मेणबत्ती. ही प्रार्थना दोघांची असते. माळेच्या एकेका मण्यावर एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि दुसऱ्याने उरलेला अर्धा म्हणून उत्तर द्यायचं. मटिल्डा सुरू करायची, "नमो मारिये, कृपापूर्णे..." आणि ग्लोरिया पूर्ण करायची, "...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन." मटिल्डाची माळ लाकडी होती. एक मणी संपला की ती तो पुढच्यावर टाकायची. टक. मग पुढचा.

ग्लोरिया सव्वीस वर्षांची असताना तिला जूचंद्रचं एक स्थळ आलं होतं. रिचर्ड नावाचा मास्तर. माणूस हसतमुख होता आणि ग्लोरियाला तो आवडला होता. त्या रात्री विहिरीवर भांडी घासताना मटिल्डा एवढंच म्हणाली, "तू गेलीस तर मला उत्तर कोण देणार?"

त्यात धाक नव्हता, रडणंही नव्हतं. ग्लोरिया बराच वेळ राख हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "मी देईन, बाय."

रिचर्डला निरोप गेला. पस्तीस वर्षं ग्लोरियाने उत्तर दिलं.

मटिल्डाला शवपेटीत ठेवताना ती लाकडी माळ तिच्या बोटांत गुंडाळली होती. त्यानंतर ग्लोरिया सात वाजता एकटी बसायची आणि दोन्ही अर्धे स्वतःच म्हणायची. तिसऱ्या दशकापर्यंत, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, तिचा घसा कोरडा पडायचा. म्हणून ती पाण्याचा पेला जवळ घेऊन बसू लागली.

त्या शनिवारी बस उशिरा आली. ग्लोरिया पोहोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि वीजही गेली होती. घरामागचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं, काळं पडलं होतं. बेडूक ओरडत होते. तिने पायातल्या वहाणा काढल्या, नव्या पुड्यातली एक मेणबत्ती लावली आणि चटईवर आपल्या जागी बसली. पाणी घ्यायचं राहून गेलं. पाय ठणकत होते. डोळे मिटत होते.

"...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."

ज्योत किंचित वाकली. पुढचा मणी.

"...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."

असं तिसरं दशक संपलं. चौथं लागलं. तेव्हा ग्लोरियाच्या मनात आलं, की आज घसा सुकला नाही. पाणी नाही, आणि तरी घसा सुकला नाही. का, याचा तिने हळूहळू विचार केला.

कारण ती आज फक्त आपला अर्धा म्हणत होती.

मघापासून ती कोणाला तरी उत्तर देत होती.

तिने डोळे उघडले. बेडूक गप्प झाले होते. खोलीत खोबरेल तेलाचा आणि सुकलेल्या मोगऱ्याचा वास होता. मटिल्डा लुगड्यांच्या पेटीत मोगरा टाकून ठेवायची, तोच वास. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, जिथे मेणबत्तीचा उजेड पोहोचत नव्हता, तिथे आवाज झाला.

टक.

"नमो मारिये, कृपापूर्णे..."

आवाज थकलेला होता. 'स्त्रियांमध्ये' हा शब्द मटिल्डा नेहमी अर्धा गिळायची. तो तसाच गिळला गेला. मग आवाज थांबला आणि वाट बघू लागला.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी ग्लोरियाला भीती वाटलीच नाही. बरं वाटलं. तीन महिन्यांत त्या घरात तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. तिने उत्तर दिलं, आणि माळ शेवटच्या मण्यापर्यंत पुरी झाली.

सकाळी फ्रान्सिस कुंपणाशी भेंडीची परडी घेऊन उभा होता. "काल माळेला सूर लागला होता बाय तुझा. गेले तीन महिने नुसती पुटपुटत होतीस."

"ऐकत असतोस वाटतं?"

"मध्ये नुसतं कुंपण आहे. कान कुठे ठेवू?" तो म्हणाला आणि भेंडी देऊन गेला.

रविवारी, सोमवारी, मंगळवारीही तसंच झालं. ग्लोरिया सातची वाट बघू लागली. बुधवारी तिने पेजेच्या दोन वाट्या काढल्या आणि मग एक परत मांडणीत ठेवली. त्याच संध्याकाळी अनिशाचा फोन आला. अनिशा म्हणजे गॅब्रिएलची मुलगी. ती बोळिंजला नवव्या मजल्यावर राहत होती.

"आत्या, रविवारी गाडी घेऊन येतो आम्ही. तू फक्त कपडे भर."

"आणि मिक्सर."

"मिक्सर आहे ग माझ्याकडे."

"माझा चांगला आहे. वापरलेलाच नाही."

अनिशा हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "खरंच ये हा. मागच्या महिन्यात विहिरीपाशी पडलीस, दोन तासांनी फ्रान्सिस अंकलला कळलं. जानेवारीत बिल्डरची माणसं ते घर पाडायला येणारच आहेत. तोवर एकटी कशाला राहतेस?"

एकटी नाही, असं ग्लोरियाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

कारण तिला जायचं होतं. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. नवव्या मजल्यावरची ती खिडकी, सकाळी दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा, जेवताना चाललेली बडबड, हे सगळं तिला हवं होतं. एकदा ती या घरात मागे राहिली होती. आता एकसष्टाव्या वर्षी पुन्हा राहिली, तर कुठे जाणं उरणार नव्हतं.

शुक्रवारी तिने ठरवलं, की सांगून टाकायचं. सात वाजता मेणबत्ती लावली. आज वीज होती, पण तिने दिवा लावला नाही. दिव्याच्या उजेडात मटिल्डाला हे सांगायला तिला लाज वाटत होती.

"बाय," ती उंबऱ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी मी जाते. अनिशाकडे. राहायला."

काही झालं नाही. वाऱ्याने केळीचं पान भिंतीला घासलं.

टक.

"नमो मारिये, कृपापूर्णे..."

अर्धा भाग संपला. ग्लोरियाने ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर दिलं नाही तर ती थकेल, असं तिला वाटलं. जाईल.

आवाज थांबला. मग तोच मणी, तोच अर्धा, पुन्हा. उंबऱ्यापासून नाही... थोडा अलीकडून. ग्लोरिया गप्प राहिली. पुन्हा तोच अर्धा. आता चटईच्या काठापासून. चटईच्या काड्या करकरल्या, जशा गुडघे टेकताना करकरतात. तेलाचा वास दाट झाला. पुन्हा. आता अगदी शेजारून, तिच्या उजव्या कानाशी, गार श्वासासकट.

आवाज चढला नाही. रागावलाही नाही. तेच सहन होत नव्हतं. ताट वाढून बसलेलं माणूस दाराकडे बघत राहतं, तसा तो आवाज होता. तो जन्मभर तसाच थांबला असता.

सहाव्यांदा का सातव्यांदा, ग्लोरियाला मोजता आलं नाही, ती एकदम बोलून गेली, "देईन ग... मी देईन उत्तर, बाय. मी देईन. पण मला जाऊ दे."

मेणबत्तीची ज्योत पूर्ण आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली.

त्यानंतर माळ सुरळीत पुरी झाली. शनिवारी ग्लोरिया सातला बसली, पण उंबऱ्यापाशी कोणी आलं नाही. तिने दोन्ही अर्धे स्वतःच म्हटले, पाण्याचे दोन पेले प्यायली आणि तिला वाटलं, सुटले.

रविवारी अनिशा आली. पेटी, पिशव्या, फडक्यातला मिक्सर गाडीत गेला. ग्लोरियाने पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागच्या दाराची कडी दोनदा हलवून बघितली. गाडी चिंचेच्या वळणावर आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. घर नेहमीसारखंच दिसत होतं.

बोळिंजच्या घरात सातला अनिशा मोबाइलवर माळ लावायची. एका पुरुषाचा रेकॉर्ड केलेला आवाज पहिला अर्धा म्हणायचा, घरातले उत्तर द्यायचे. कोणी उत्तर दिलं नाही तरी मोबाइल थांबत नव्हता. ग्लोरियाला हे गमतीचं वाटलं. तिने तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

ओठ हलत होते, जीभ हलत होती. घशात काहीच नव्हतं.

"आत्या, घसा बसला का?" अनिशाने नंतर विचारलं.

"गाडीतला एसी बाधला असेल," ग्लोरिया म्हणाली. तेव्हा आवाज आला होता, साफ.

दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. साडेसातच्या सुमारास आवाज परत यायचा. डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघितली आणि सगळं ठीक आहे म्हणाला.

गुरुवारी दुपारी फ्रान्सिसचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. केळीचा एक घड उतरवून ठेवलाय, घेऊन जा, म्हणाला. मग जरा रागावल्यासारखा बोलला. "रोज संध्याकाळी येतेस आणि कुंपणाशी एक हाकही मारत नाहीस. अशी कशी ग तू?"

ग्लोरियाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी कुठे आले रे?"

"काल आली होतीस. परवापण. माळ म्हणत होतीस ना. पुढे कुलूप आहे, म्हणजे मागच्या दाराने शिरत असशील."

"माझाच आवाज होता?"

"पस्तीस वर्षं ऐकतोय बाय. तुझं उत्तर मी ओळखणार नाही?"

मग फ्रान्सिसने आवाज खाली आणला.

"मी दुसरंच विचारणार होतो," तो म्हणाला. "तू उत्तर देतेस... ते कोणाला?"

ग्लोरियाने फोन ठेवला. जानेवारीला अडीच महिने होते. घर पाडतील तेव्हा तिथे जे असेल त्याचं काय होईल, हे विचारायला तिच्याकडे कोणी नव्हतं. तिने मिक्सर फडक्यातून काढून ओट्यावर ठेवला, पुसला, पुन्हा पुसला.

सात वाजले. अनिशाने मोबाइल लावला. वेदीवर मेणबत्ती होती. ग्लोरिया तिच्या इतकी जवळ बसली की अनिशा म्हणाली, "आत्या, केस जळतील, मागे सर." ती सरली नाही. मोबाइलने पहिला अर्धा म्हटला. ग्लोरियाचे ओठ हलले. ज्योत सरळ होती. तिने ओठ आवळून ज्योतीवर फुंकर मारली.

ज्योत सरळच राहिली.

माळ संपली. मोबाइल बंद झाला. सगळे जेवायला उठले, ताटं वाजली, कोणीतरी लोणचं मागितलं. ग्लोरिया तशीच बसून होती. तिचा अंगठा माळेवरून आपोआप पुढे जात होता. प्रत्येक मण्यावर तो आधी थांबायचा. दुसऱ्या कोणाचा तरी अर्धा संपेपर्यंत थांबायचा. मग पुढचा मणी.

सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ज्योत एकदा वाकली, आणि जेवणाच्या गडबडीत ग्लोरियाच्या तोंडून मोठ्याने शब्द बाहेर पडला.

"आमेन."

आतून अनिशा म्हणाली, "आला का आवाज? चल, जेवून घे."

"आले," ग्लोरिया म्हणाली. हातातली माळ ठेवायला तिने वेदीचा कप्पा उघडला. तिची माळ पांढऱ्या काचेची होती, वजनाने हलकी. ती तिने हळूच आत ठेवली.

टक, असा लाकडी मण्याचा आवाज झाला.