नवसीचे तीन टोले

"गेला! पुन्हा झुडपात गेला!" मंदा कंबरेवर हात ठेवून ओरडली. "नवसे, हात डोक्यावरून आण! कोपर वर! किती वेळा सांगायचं?"

दिवाळीची सुट्टी होती आणि पाम गावच्या माळावर बेसबॉलचा सराव चालला होता. तारापूरला अणुवीजघर उभारायला आलेल्या अमेरिकन इंजिनीयरांच्या पोरांशी उद्या सामना! त्यांनीच हा खेळ शिकवलेला, चेंडूही त्यांचाच. मंदा कॅप्टन. चेंडू टाकायचं काम सातवीतल्या नवसीचं, आणि तिचा चेंडू कुठंही जाई, फक्त फळी घेऊन टोलवायला उभ्या असलेल्याकडे सोडून!

"जाऊ दे. उद्या प्रताप टाकेल. तू कडेला बस."

नवसी काहीतरी बोलणार होती. मग नुसतंच "बरं" म्हणाली.

एवढ्यात खडीच्या खाणीकडून आवाज आला. ढुम्म!

"अरेच्चा! टोले कुठं झाले?" चिंतूनं कान टवकारले. सुरुंग उडवण्याआधी पहारेकरी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं सात टोले देई. "कालही झाले नव्हते!"

"चला, बघूच!"

मंदा, नवसी, प्रताप, चिंतू, चौघंही पळत खाणीच्या कुंपणाशी पोचली. फाटकाला कुलूप! आत चाळीस पावलांवर चिंचेच्या फांदीला रूळ लटकतोय. ना हातोडा, ना पहारेकरी चंद्रभान! दुसऱ्या सुरुंगाची वात पेटवून कामगार आडोशाला पळत होते. आणि खाणीच्या अगदी खालच्या वाटेनं गावातल्या म्हाताऱ्या दादूबाबांची बैलगाडी डुलत डुलत येत होती!

"बाबाऽऽ! थांबाऽऽ!" सगळी बेंबीच्या देठापासून ओरडली. पण वारा उलटा. बाबांची मान काही वळेना.

"रूळ! रुळावर दगड मारा!" मंदानं मारला, तो अर्ध्यातच पडला. प्रतापचा चिंचेच्या शेंड्यात गेला.

नवसीनं तीन दगड उचलले. हात डोक्यावरून आणायच्या फंदात ती पडलीच नाही. भाताच्या शेतात पाखरं हाकताना गोफण फिरवावी तशी कमरेतून वळली. टण्ण! दुसरा, टण्ण! तिसरा, टण्ण!

दादूबाबांनी कासरा खेचला. बैल थबकले. ढुम्म! समोरच्या वाटेवर पाटीएवढाले धोंडे कोसळले.

धुरळा बसतो न बसतो तोच मुकादम एकनाथराव धावत आले, आणि त्यांच्यामागून धापा टाकत चंद्रभान!

"मीच दिले टोले, साहेब!"

"किती दिले, काका?" मंदानं साळसूदपणे विचारलं.

"सात! रोजच्यासारखे!"

"मी तं तीनच आयकले," दादूबाबा म्हणाले.

"आणि हातोडा कुठाय? तीन टोले तर नवसीच्या दगडांचे!" चिंतूनं विचारलं.

चंद्रभानला कबूल करावंच लागलं. हातोडा खाट ठोकायला दोन दिवसांपूर्वीच घरी गेला होता! एकनाथरावांनी त्याची अशी हजेरी घेतली की बैलांनीसुद्धा कान पाडले.

दादूबाबांनी नवसीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पोरी, उद्या अख्खा गाव घेऊन येतो. ह्यो हात दावायला!"

"पहिला चेंडू नवसीचाच!" मंदा ओरडली. "आणि हवा तसा टाक गं!"

नवसी खाली बघत म्हणाली, "उद्या आमी नाय. पहाटं सगळी वीटभट्टीवर चाललीत. पार पावसापत्तर."

"मग मघाशीच का नाही सांगितलंस?" मंदानं विचारलं.

"सांगनार व्हती. आजच्या दिस मलाच टाकू द्या, म्हननार व्हती. तवर तू बोल्लीस, कडेला बस."

"शाबास, कॅप्टन!" एकनाथरावांची थाप मंदाच्या पाठीवर पडली. "काय गडी तयार केलेस!"

त्याऐवजी त्यांनी कान पिळला असता, तर मंदाला बरं वाटलं असतं.