टॉवेल कुणी धुतला

तनुजानं ताटात भाकरी वाढली, वाटीत शेपूची भाजी घातली, पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवला... आणि सरूबाईंनी ते ताट दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवलं. राग असता तर बरं झालं असतं. पण परक्याच्या घरी नको असलेला चहा सरकवावा तसं सरकवलं, आणि उठून आपली परात घेतली, आपलं पीठ घेतलं, कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर स्वतःपुरती एक भाकरी थापायला बसल्या.

दोन वर्षं असंच चाललं होतं. एका स्वयंपाकघरात दोन चुली... एक सासूची, एक सुनेची.

"आत्याबाई, आज कोर्टात उशीर होईल. डबा घेतलाय मी, तिथं तरी..."

"माझं मी बघते."

दारातून दीर ऋतुराजचा आवाज आला. "आई, चल. गाडी काढलीय." तनुजाकडं त्यानं बघितलंही नाही. दोन वर्षांत त्याच्या तोंडून 'वहिनी' हा शब्द निघाला नव्हता. मायलेक गाडीवर बसून गेले. तनुजानं दोघींचा डबा पिशवीत घातला, घराला कुलूप लावलं आणि पडेगावच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी राहिली.

आज तिची साक्ष होती.

इंद्रजीत तिचा नवरा. छावणी भागात त्याचं आणि राजकुमारचं मंडप डेकोरेशनचं दुकान होतं. दोघं पिशोरच्या एकाच शाळेतले, एका ताटात जेवलेले. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, एका सकाळी, इंद्रजीत पडेगावच्या गोडाऊनमागं पडलेला सापडला. पोटात तीन वार. भांडण कशावरून झालं ते आजवर कुणाला नीट कळलं नाही... आणि कळून तरी काय होणार होतं. चौथ्या दिवशी पोलिसांनी राजकुमारला उचललं. गोडाऊनजवळच्या कॅमेऱ्यात तो दिसला होता, उजव्या हाताला पांढरा टॉवेल गुंडाळून जाताना. वार करताना चाकूवरून हात घसरला असणार, टॉवेलवर दोघांचंही रक्त असणार, असं पोलीस म्हणत होते.

पण तो टॉवेल सापडला इंद्रजीतच्याच घराच्या मागच्या दोरीवर... पांढराशुभ्र, धुऊन वाळलेला.

"कुणी धुतला?" घरी आलेल्या पोलीस साहेबांनी विचारलं.

आतल्या खोलीत सरूबाई सलाईन लावून पडल्या होत्या. त्यांना त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवायला लावू पण नका.

"मी," तनुजा म्हणाली.

"त्याच्या हाताची पट्टी?"

"मीच बांधली. हळद लावून."

एवढंच बोलली ती. आणि त्या एवढ्यावर तिचं सगळं आयुष्य फिरलं.

खरं काय झालं ते फक्त तिला माहीत होतं. त्या सकाळी मयत अजून घाटी दवाखान्यातून यायची होती, पुढच्या दारात गर्दी, बायांचा आक्रोश... आणि मागच्या दारानं राजकुमार आला होता, "मावशी" म्हणून रडत. सरूबाई मोरीपाशी नुसत्या बसल्या होत्या. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. त्यांनी तो टॉवेल गुंडाळलेला हात बघितला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "इंद्र्या... लई लागलं का रे बाळा?"

त्यांनी टॉवेल सोडला. जखमेवर हळद दाबली. आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली, वरून फुंकर घातली. आणि राजकुमार... हात पुढं करून उभा राहिला. 'मावशी, मी इंद्र्या नाही' एवढंही बोलला नाही. तनुजा दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिला वाटलं, मित्रच आहे, त्यालाही लागलंय, घटकाभर म्हातारीला लेक भेटल्यासारखं वाटतंय तर वाटू दे... ती पुढं चहा द्यायला निघून गेली. परत आली तेव्हा राजकुमार गेला होता आणि सरूबाई हौदापाशी तो टॉवेल चोळत बसल्या होत्या.

ज्या हातानं आपलं लेकरू मारलं, त्याच हाताला आपण लेकरू समजून हळद लावली... हे त्या आईला कळलं तर ती जगेल का? तनुजानं स्वतःला हा प्रश्न एकदाच विचारला होता. मग पुन्हा विचारला नाही. कळू द्यायचं नाही, बस.

आधी लोक तिच्यासाठीच रडत होते. क्रांती चौकात मेणबत्त्या घेऊन दोन-तीनशे माणसं जमली, बॅनरवर इंद्रजीतचा फोटो आणि खाली तनुजाचा, 'या बहिणीला न्याय द्या'. टॉवेलची बातमी आली आणि आठ दिवसांत बॅनर नवा छापून आला. त्यात तनुजा नव्हती.

मग रील सुरू झाल्या. कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाची तिची दहा सेकंदं, मागं दुःखाचं गाणं. 'नवऱ्याच्या खुन्याला हळद लावणारी.' 'रडत पण नाही बघा.' 'हिलाच आधी आत टाका.' पुढच्या गल्लीतली द्वारकाबाई, जी रोज ताक न्यायला यायची, ती आता दारावरून जाताना पदर दुसऱ्या बाजूला घ्यायची. तनुजानं एकदा सगळ्या कमेंट वाचल्या. शेवटपर्यंत. तिला वाटलं काहीतरी होईल, छातीत काहीतरी हलेल... काही झालं नाही. फोन ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. रडू कुठंतरी आतच गोठून बसलं होतं, बर्फाच्या लादीसारखं.

पिशोरहून तिचा भाऊ न्यायला आला होता. "ताई, कशाला थांबतीस इथं? कुत्रं विचारत नाय तुला."

"त्यांना रात्री गोळी कोण देईल?" ती म्हणाली.

"तुझ्या हातची गोळी घेती का ती?"

"डब्यात काढून ठेवली की घेतात. माझ्या हातातून नाही घेत."

भावानं पिशवी उचलली. चहा न पिताच गेला.

आणि हीच सासू एकेकाळी तिची आई झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा तनुजाला धड भाकरी थापता येत नव्हती. सरूबाईंनी तिचा हात हातात धरून शिकवली. ठेच्यात शेंगदाणे कधी घालायचे ते शिकवलं. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, तेलाच्या डागावर पीठ चोळायचं, रक्ताचा डाग थंड पाण्यात... "माझी लेक असती तर तिला सांगितलं असतं, तुला सांगते," म्हणायच्या. ते सगळं तनुजानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं, जाणूनबुजून.

कोर्टात गर्दी होती. बाकावर जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते. ती आत आली तशी कुजबुज उठली.

"हीच का ती?"

"हीच. साडी बघ, इस्त्री करून आलीय."

"पिक्चर बघायला आल्यागत."

शेवटच्या बाकावर सरूबाई बसल्या होत्या, शेजारी ऋतुराज. मांडीवर स्वतःच्या भाकरीचं फडकं. समोर पिंजऱ्यात राजकुमार, दाढी वाढलेला, थोडा जाडच झालेला. तनुजानं शपथ घेतली. खरं सांगेन, खरंच सांगेन. तोंडातून शब्द निघाले, आत काही वाटलं नाही.

सीलबंद पाकीट उघडून टॉवेल टेबलावर ठेवला. तिनं ओळखला. मग आरोपीचा वकील उठला.

"तुमच्या नवऱ्याची बॉडी अजून घरी यायची होती. बरोबर?"

"हो."

"आणि तुम्ही मागच्या दारात आरोपीच्या हाताला हळद लावत होता."

"हो."

"का?"

"त्याला लागलं होतं."

मागं कुणीतरी हसलं. शिपायानं डोळे वटारले.

"म्हणजे तुमची त्याच्याशी चांगली ओळख होती. घरातल्यांना माहीत नसेल इतकी?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. जज बाईसाहेबांनी प्रश्न गाळायला लावला. पण प्रश्न लोकांच्या कानात जायचा तो गेला होता. ऋतुराजनं मान खाली घातली. तनुजानं कठड्यावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडं बघितलं... दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत तसे ते दिसत होते.

"टॉवेलवर रक्त किती होतं?"

"थोडं."

"थोडं. हाताला चीर गेल्यावर येतं तेवढं. धुतल्यावर डाग राहिला?"

"नाही."

"एका धुण्यात निघाला?"

"हो."

"कशानं धुतला?"

त्या दिवसाचं पाणी तिला एकच आठवत होतं. मयतीला आलेल्या माणसांच्या अंघोळीसाठी तिनं दिवसभर बंब पेटता ठेवला होता, बादल्यांवर बादल्या काढून दिल्या होत्या, बोटं भाजली होती.

"साबणानं," ती म्हणाली. "गरम पाण्यात."

वकिलानं मान हलवून पुढचं पान उलटलं. त्याला काही वेगळं वाटलं नाही. पण जज बाईसाहेबांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा तनुजाकडं बघितलं.

आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"ही खोटं बोलती."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. सरूबाई उभ्या राहिल्या होत्या. फडक्यातली भाकरी खाली पडली होती.

"आई, बस," ऋतुराज त्यांचा हात ओढत होता.

"आजी, खाली बसा, मध्ये बोलायचं नसतं," शिपाई पुढं आला.

"ही खोटं बोलती, बाईसाहेब." सरूबाईंचा आवाज चढला नव्हता, सपाटच होता. "गरम पाण्यानं रक्त बसतं. मरेस्तोवर निघत नाय. हिला म्याच शिकवलंय, नवी नवरी व्हती तवा. हिनं धुतला असता तर थंड्या पाण्यात धुतला असता... हिनं नाय धुतला."

"आत्याबाई... बसा तुम्ही. मीच धुतला. विसरले मी, थंड पाणी होतं, मीच..."

पण सरूबाई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून बघत होत्या, उलटे, सुलटे...

"हौदाचं पाणी व्हतं," त्या हळूहळू म्हणाल्या. "लई गार. बोटं बधिर झाली व्हती माझी. तरी चोळत व्हते. म्हणलं, इंद्र्याचा टॉवेल हाय, डाग राह्यला तर बोलंल मला..."

जज बाईसाहेबांनी शिपायाला हातानंच थांबवलं.

"हळद बी म्याच लावली." त्यांची नजर पिंजऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली. "म्या इंद्र्या म्हणलं तुला... आन् तू हात पुढं केलास. राजकुमार. तू हात पुढं केलास."

राजकुमारनं उजवा हात पाठीमागं घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची मान खाली गेली.

"तनुजाबाई," जज बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही शपथेवर आहात. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, हे कळतं ना? टॉवेल कुणी धुतला?"

तनुजानं कठडा घट्ट धरला. दोन वर्षं सांभाळलं होतं. शिव्या खाऊन, वेगळ्या चुलीवरचा धूर खाऊन... अजूनही 'मी' म्हणता आलं असतं. तिनं सरूबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"सांग पोरी. मी मरत नाय."

आणि तनुजानं सांगितलं. सगळं. किटली, दार, चिंधी, फुंकर. सांगताना तिचा आवाज अजिबात कापला नाही, जणू दुसऱ्याच्या घरातलं सांगत होती. बाईसाहेबांनी लिहून घेतलं. आधीच्या खोट्याचं काय करायचं ते कोर्ट नंतर ठरवेल, म्हणाल्या. सरूबाईंची साक्ष पुढच्या तारखेला घ्यायची असंही ठरलं. केस त्यामुळं सुधारेल का बिघडेल, सरकारी वकिलांनाही सांगता येईना.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात लोकांचे मोबाईल उंचावलेलेच होते. "ताई, इकडं बघा," "ताई, एक मिनिट," "आजी, आता काय वाटतंय?" मघाशी हसलेला तोही त्यात होता. सरूबाईंनी आपला पदर सोडला आणि तनुजाच्या डोक्यावरून, तोंडावरून ओढला, पोराला उन्हातून नेतात तसा. भिंतीकडच्या बाकावर तिला बसवलं आणि स्वतः समोर बसल्या, गर्दीकडं पाठ करून.



"दोन वर्षं," सरूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं म्या तुला तोंडावर हाड म्हणलं नाय एवढंच. बाकी सगळं केलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला तर व्हतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी ते पुसलं नाही. "कशाला गं केलंस?"

"तुम्ही त्याला हळद लावली नव्हती, आत्याबाई. तुम्ही यांना लावली होती." तनुजा थांबली. "तेवढं तुमच्यापाशी राहू द्यायचं होतं."

ऋतुराज पाण्याची बाटली घेऊन आला. समोर उभा राहिला. झाकण उघडलं, परत लावलं, परत उघडलं. "वहिनी," तो म्हणाला, "पाणी." बाटली बाकावर ठेवून तो मोबाईलवाल्यांकडं गेला आणि त्यांच्यासमोर हात पसरून उभा राहिला.

"डब्यात काय हाय?" सरूबाईंनी विचारलं.

"भाकरी. शेपू. सकाळचंच."

"काढ. माझी तर खाली पडली."

तनुजानं डबा उघडला. सरूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. सावकाश चावला.

"मीठ कमी हाय."

"दोन वर्षं चाखून सांगणारं कुणी नव्हतं..." तनुजा म्हणाली. खांदे हलायला लागले. पदराच्या आत, कुणाला दिसणार नाही असं, ती रडायला लागली... इंद्रजीत गेल्यापासून पहिल्यांदा.

सरूबाईंनी दुसरा तुकडा मोडला आणि पदराखाली हात घालून तिच्या तोंडापाशी नेला.

"खा आधी," त्या म्हणाल्या. "अडीचला परत बोलवलंय."