शिल्लक आयुष्य

बसा, पण पंखा लावायला सांगू नका. कुठल्याच फिरत्या यंत्राचा आवाज मला आता सोसत नाही.

काम साधं होतं. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्यातल्या यंत्रमागांचा घसारा, म्हणजे माग दरसाल किती झिजले त्याचा हिशोब, एक्सेलमधून नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा. अमृतशेठना बँकेत कागद दाखवायचे होते. शेठना घाई असली की आम्हाला डबा उघडायचीही सोय नसते.

आमच्याकडे मागांना नंबर नाहीत. ज्यानं पहिल्यांदा चालवला त्याचंच नाव मागाला चिकटतं आणि शीटमध्येही तेच उतरतं. पुढे रकाना: ‘शिल्लक आयुष्य’. शरणम्मापुढे शून्य होतं. आधीच्या हिशोबनिसानं ते टाकलं आणि त्याच आठवड्यात शरणम्मा स्वतःच मागावर कोसळून मेली. शेठनी तिच्या घरी टॉवेलांचा गठ्ठा पाठवला. दिलदार माणूस!

दुपारी सिद्धलिंगप्पा दाराशी आले. मिशीवर कापसाचे तंतू, छातीत खोकला.

“सनाबाई, माज्या नावापुडं काय हाय?”

“शून्य. पण अप्पा, ते मागाचं आहे, तुमचं नाही.”

“शरणम्माला बी असंच सांगितलं हुतं की... नातीचं लगीन तेवडं बघू द्या.”

मला हसू आलं, मग वाईट वाटलं. मी शून्य पुसून दहा लिहिलं. कागदावर माग दहा वर्षं जास्त चालला तर कुणाचं काय जातंय? अप्पा हात जोडून कामाला गेले.

तेवढ्यात शेठनी फर्मावलं, नावं बाराखडीप्रमाणे लाव. मी नावांचा रकाना निवडला, क्रम लावला, फाइल चढवली. मग चूक दिसली. फक्त नावं हलली होती, आकडे जागच्या जागी राहिले होते. दहा वर्षं शरणम्मापुढे गेली होती. सिद्धलिंगप्पांपुढे शून्य.

दुरुस्त करायला गेले तर पडद्यावर आलं: नोंद कायम झाली, बदल करता येणार नाही.

आणि वीज गेली. सगळी शेड गप्प झाली. तापलेल्या पत्र्याखाली तेलाचा आणि खळीचा आंबूस वास दाटला. त्या शांततेत एक माग मात्र चालूच राहिला.

खट्... खट्... खट्...

मी धावले. अप्पा आपल्या मागाच्या पायाशी पडले होते. सोलापूरचा मे महिना, आणि त्यांचा हात गार. पलीकडच्या मागावर पाठमोरी शरणम्मा उभी होती. जिला आम्ही सगळ्यांनी माती दिली, ती. केसांत अजून ती माती होती.

“अव्वा...” मी कशीबशी म्हणाले.

तिनं मान वळवली नाही. हात चालूच होते.

“सुटले हुते की गं मी... कशाला परत कामाला लावलंस?”

मी तिथंच रडायला लागले. माझ्या हातून काय झालं ते मला कळत होतं, आणि ते आता कुणालाच फिरवता येणार नव्हतं.

मागून शेठ आले. आकडे कसे हलले ते मी रडत रडत सांगून टाकलं. त्यांनी अप्पांना ओलांडलं, शरणम्माकडे बराच वेळ बघितलं. मग विणून पडलेला टॉवेल उचलून बोटांत चोळला.

“वीज न्हाय, पगार न्हाय...” ते हळूच म्हणाले. “सना, आधी मेलेल्यांची नावं जुन्या शीटमदी असतील की गं?”