चौकोनाला आठवा

त्या शनिवारी दुपारी मी सभागृहात गेले ती फक्त कॉफीची किटली पोचवायला. नाचणं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझा नवरा होलिस गेल्यापासून मी नाचाचे बूट पायात घातलेच नव्हते.

आमचं गाव व्हरमाँटच्या डोंगरातलं. गावच्या इतिहास मंडळाकडे हीच एक वास्तू, शेतकऱ्यांनी बांधलेलं दुमजली लाकडी सभागृह. खालच्या खोलीत जुनी अवजारं, वर नाचाची जागा. वरची जमीन कुजलीय म्हणून ते पाडायचं घाटत होतं. सोमवारी मतदान होतं. मंडळाचा अध्यक्ष वॉरन टटल हट्टाला पेटला. म्हणाला, आधी वर नाचून दाखवतो, मग काय ते ठरवा. गाव आलं खरं, पण सफरचंदाचा गरम रस पीत अंगणातच उभं राहिलं. नाचायला वर चढले वॉरन धरून सहा जण. आणि किटली घेऊन मी.

"चौकोनी नाचाला आठ लागतात, चार बाजूंना चार जोड्या," वॉरन हिरमुसून म्हणाला.

विनिफ्रेड माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "अल्मा, तू किटलीशीच नाच. होलिसपेक्षा तिला ताल बरा असेल."

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून एक उंच माणूस आला. काळा कोट, चापून पाडलेला भांग. शेजारगावचा पाहुणा असेल असं मला वाटलं. त्याने किंचित झुकून हात पुढे केला. मी धरला. नुकत्याच उकरलेल्या मातीसारखा गार होता तो.

कोपऱ्यातल्या वादकाने व्हायोलिन सुरू केलं. या नाचात पुढची चाल एकाने ओरडून सांगायची असते. वॉरनने ती पुकारायच्या आतच तो पाहुणा माझ्या कानाशी कुजबुजायचा, "आता डावीकडे... आता गिरकी..." इतक्या जवळ बोलायचा, पण त्याचा श्वास काही मानेला लागत नव्हता. मला भीती वाटत होती, आणि तरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसत होते. पाय विशीतले झाले होते माझे.

मग जमीन घुमू लागली. आम्ही आठ जण, आणि आवाज शेकडो टाचांचा. टाळ्याही पडत होत्या. वाजवणारं कुणी दिसत नव्हतं.

"अल्मा... मागे कोण नाचतंय?" विनिफ्रेडने गिरकी घेता घेता विचारलं.

"बघू नकोस," मी म्हटलं. "थांबूही नकोस."

अंगणातल्यांना वाटलं, वर केवढी मजा चाललीय आणि आपणच राहिलो. धडाधड जिना चढून सगळे आले. पाडायचा ठराव आणणारा मिल्टनसुद्धा, बायकोला ओढत. त्या गर्दीत माझा हात सुटला, आणि तो माणूस पुन्हा दिसला नाही. आम्ही दिवेलागणीपर्यंत नाचलो. सोमवारी पाडण्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. मिल्टनचाही नाही.

पुढच्या आठवड्यात ड्वेन सुतार दुरुस्तीला आला. खालच्या खोलीचं छत उघडून त्याने मला बोलावलं. मधली तुळई कधीचीच मोडलेली होती. दोन्ही टोकं भिंतीतून सुटलेली, नुसती खिळ्यांवर लोंबत होती.

"अल्माबाई," तो हळूच म्हणाला, "मग त्या दिवशी अख्खं गाव पेललं कुणी?"

मी वर पाहिलं. तुळईच्या पोटाला रांगेने ओले डाग होते, एकेका खांद्याएवढे. छत चांगलं दोन पुरुष उंच आहे.

मी शिडी चढले आणि एका डागाला बोट लावलं. घाम होता. अजून कोमट.