कृष्णफळाची सतरा फुलं

तरंगवाडीत तोडणकरांच्या गच्चीवर कृष्णफळाचा (पॅशन फ्रूटचा) एक वेल होता. त्या भाद्रपदात त्याला दोनशेहून जास्त फुलं आली आणि फळ मात्र एकही धरलं नाही. आदल्या वर्षी हेच झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. फूल दुपारी उमलायचं, संध्याकाळी मिटायचं आणि दोन दिवसांत देठासकट गळून पडायचं.

तरंगवाडी म्हणजे समुद्रावर तरंगणारी वस्ती. मोठमोठे पोकळ तराफे एकमेकांना जोडून त्यांवर घरं, शाळा, दवाखाना असं सगळं उभं केलेलं होतं. समुद्राचं पाणी वाढून किनाऱ्यावरची काही गावं बुडाली, तेव्हा तिथली बरीच माणसं इथं राहायला आली. अकरा वर्षांच्या शाल्मलीचे आबा, म्हणजे तिच्या बाबांचे वडील, त्यांतलेच एक. त्यांच्या पाजवाडी गावातली बाकीची मंडळी वर माळावर घरं बांधून राहिली. पण माळावरून खाली बघितलं की घराच्या जागी पाणी दिसायचं, आणि रोज उठून ते बघणं आबांना जमणार नव्हतं. परसातल्या वेलाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ते बोटीत बसले. त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांनी जमिनीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

ती फांदी गच्चीवरच्या कुंडात रुजली. पुढं तिच्याच फांद्या छाटून आबांनी आणखी चार घरी वेल लावून दिले. वेलाची सगळी निगा शाल्मलीच राखायची. कोवळ्या शेंड्यांना दोरीवर चढवायचं, वाळक्या फांद्या काढायच्या, मासळीच्या टाकाऊ भागांचं खत बेताबेतानं घालायचं, हे तिला आबांनीच शिकवलं होतं. गावात असताना हा वेल फळांनी लगडायचा, असं आबा सांगत. मग इथंच काय बिनसलं, ते त्यांनाही कळत नव्हतं.

एरवी कुणी घाई केली नसती. पण तरंगवाडीत गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून तयार करावं लागे, आणि ज्या झाडापासून अन्न किंवा औषध मिळतं त्यालाच ते द्यायचं, असा वस्तीचा नियम होता. पाणी समितीच्या सुलभाताई घरी येऊन गेल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण तीन वर्षं वाट पाहिली, आता कार्तिकातल्या सभेपर्यंत फळ दिसलं नाही तर पाचही वेल काढून कुंडांत वाल लावावे लागतील, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर आबा बराच वेळ वेलाची पानं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीनं एक फूल खुडलं आणि ती यास्मिनआजींकडे गेली. यास्मिन मुकादम या वनस्पतिशास्त्रज्ञ. सगळी उमर त्यांनी फुलांच्या अभ्यासात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही शाळेमागच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या रोज येऊन बसत.

त्यांनी फूल टेबलावर ठेवलं आणि शाल्मलीच्या हाती भिंग दिलं. पांढऱ्या पाकळ्यांच्या आत जांभळट तंतूंची झालर होती. मधोमध उभ्या दांड्यावर पाच पुंकेसर (फुलाचे नर भाग) आणि त्यांच्या वर तीन कुक्षी (जिथं पराग येऊन चिकटतो ती फुलाच्या मादी भागाची टोकं) होत्या. पुंकेसरांवरची पिवळी भुकटी म्हणजे पराग. तो कुक्षीवर पोचला तरच फळ धरतं. या पोचण्याला म्हणतात परागण.

"आता मला सांग, हा पराग इथून तिथं नेणार कोण?" यास्मिनआजींनी विचारलं.

शाल्मलीनं विचार केला. हा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर उडत नाही, असं आजींनी सांगितलं होतं. गावात मोठे काळे भुंगे येत असणार. इतक्या दूर समुद्रात भुंगा कुठून येणार? तिला वाटलं, कोडं सुटलं.

वस्तीत मिरच्या-वांग्यांच्या परागणासाठी अंगठ्याएवढी उडती यंत्रं होती. मुलं त्यांना भोंगे म्हणत. यास्मिनआजींनी त्यांतला एक भोंगा मागून आणला आणि त्याला या फुलाची रचना शिकवली. फूल उमलतं तेव्हा त्याच्या कुक्षी वर ताठ असतात, साधारण तासाभरात त्या खाली वाकतात, आणि त्या वाकल्यानंतरच त्यांना पराग लावायचा, हे त्याला नीट सांगावं लागलं. मग आठ दिवस रोज दुपारी तो भोंगा पाचही वेलांवर फिरला. या वेलाचा पराग त्या वेलाला, त्या वेलाचा याला. शाल्मली रोज सकाळी उठून आधी गच्चीवर जायची.

फुलं गळतच राहिली.

नवव्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली ती रडवेली होऊनच. यास्मिनआजींनी तिला जवळ बसवलं, पाणी दिलं, आणि आदल्या दिवशी पराग लावलेली एक कुक्षी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. शाल्मलीनं डोळा लावला. गोल गोल परागकण कुक्षीवर चिकटलेले दिसले. म्हणजे भोंग्यानं काम चोख केलं होतं.

पण परागकण नुसता चिकटून भागत नाही, असं आजींनी समजावलं. त्याच्यातून एक बारीकशी नळी फुटावी लागते. ती नळी आत खोल उतरत बीजांडापर्यंत (जिथून पुढं बी तयार होते त्या कणापर्यंत) जाते, तेव्हा कुठं फळ धरतं. इथं एकाही कणाची नळी आत उतरलेली नव्हती. सगळे दाराशीच थांबले होते.

"कुक्षी त्यांना आत घेत नाहीये," आजी म्हणाल्या. "पिवळ्या कृष्णफळाचा वेल स्वतःचा पराग ओळखतो आणि नाकारतो. याला स्व-असंगती (स्वतःच्याच परागाशी न जुळणं) म्हणतात."

"पण आम्ही तर दुसऱ्या वेलाचा पराग लावला."

"तो दुसरा वेल आला कुठून?"

शाल्मली बोटांवर मोजायला लागली. दुसरा वेल आबांनी फांदी छाटून लावलेला. तिसरा, चौथा, पाचवाही तसाच. बी पेरली की आई-वडिलांच्या गुणांची सरमिसळ होऊन नवं रोप तयार होतं. फांदी लावली तर तेच झाड दुसऱ्या जागी वाढत राहतं. घरं पाच होती, कुंडं पाच होती, पण वेल एकच होता.

तिला ते पटलं, तरी रागही आला. असं कसं हे झाड, स्वतःचंच नको म्हणणारं? यास्मिनआजी म्हणाल्या, तुझ्या वर्गात सगळ्यांना सगळं सारखंच येत असतं आणि सगळ्यांना एकच गणित अडलं असतं, तर कुणी कुणाला समजावलं असतं? झाडांचंही तसंच आहे. सगळी रोपं सारखीच असली तर एखादा रोग येतो आणि सगळी एकदम जातात. वेगवेगळी असली तर काही तरी तगतात. म्हणून हा वेल दुसऱ्याच्या परागाची वाट बघतो.

संध्याकाळी दोघी मिळून आबांकडे आल्या. शाल्मलीनं जमेल तसं सगळं समजावून सांगितलं. मग यास्मिनआजींनी विचारलं, की गावात या वेलाच्या जवळपास आणखी एखादा वेल होता का.

आबांनी हळूहळू सांगितलं. शेजारी भिकाजी मेस्त्रींच्या कुंपणावर एक होता. मेस्त्रींनी कुठूनशी बी आणून लावलेला. तो दरवर्षी कुंपण ओलांडून आबांच्या मांडवावर चढायचा आणि दरवर्षी त्यावरून दोघांची जुंपायची. आबांनी कितीदा तरी त्याचे शेंडे खुडून मेस्त्रींच्या अंगणात टाकले होते.

"आणि मी समजत होतो, फळं माझ्या वेलाची," आबा म्हणाले.

शाल्मलीनं त्याच दिवशी माळावरच्या शाळेला निरोप पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. मेस्त्रीआजोबा आहेत, आणि त्यांनी माळावर नेलेला वेलही आहे. त्याला फुलंही आहेत. मात्र दिवस कमी उरले होते. इथल्या वेलावर आता शेवटच्या कळ्या होत्या, त्यांतल्या बहुतेक गुरुवारी उमलतील असं दिसत होतं. त्यात वारा इतका सुटला होता, की सामान नेणारे ड्रोन चार दिवस बंद होते. पराग काढल्यापासून काही तासांतच लावायला हवा होता. कुणीतरी बोटीनं जाऊन तो आणणं एवढाच मार्ग होता. शाल्मलीचे आई-बाबा दोघंही त्या दिवशी कामावर अडकलेले.

"मी जातो," आबा म्हणाले. शाल्मलीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांची मान खाली होती. ते पायांत चपला घालून बघत होते, पट्टा अजून धड आहे का ते.

गुरुवारी सकाळी सातच्या बोटीनं ते गेले. यास्मिनआजींनी त्यांच्याजवळ एक छोटा डबा दिला होता. तळाला कोरडे तांदूळ, त्यांवर कागद. पुंकेसर कागदावर ठेवायचे, म्हणजे पराग दमट होत नाही.

दुपारी साडेबाराला पहिली कळी उघडली. दोनपर्यंत सतरा फुलं उमलली. परतीची बोट चारला यायची होती. चार वाजले, साडेचार झाले, पाच वाजले. लाटा उंच होत्या, बोट सावकाश येतेय, एवढंच धक्क्यावरून कळलं. शाल्मली एकेका फुलाजवळ जाऊन बघत होती. कुक्षी केव्हाच वाकून तयार होत्या. यास्मिनआजींनी सांगितलं, की फुलं मिटेपर्यंत वेळ आहे, आणि तिच्याबरोबर त्याही उभ्याच राहिल्या.

पावणेसहाला आबा गच्चीचा जिना चढून आले. केस विस्कटलेले, कपडे खाऱ्या पाण्यानं भिजलेले, पण शर्टाच्या आत धरलेला डबा कोरडा होता. कडेच्या पाकळ्या तेव्हा वळायला लागल्या होत्या. डब्यातून पराग कसा उचलायचा ते भोंग्याला शिकवत बसायला आता वेळ नव्हता. शाल्मलीनं रंगकामाचा बारीक ब्रश घेतला. आबा एका हातानं पाकळ्या अलगद मागे धरायचे, ती पिवळी भुकटी तिन्ही कुक्षींना लावायची. वाऱ्याचा झोत आला की ती आपल्या डाव्या हातानं त्यांचं मनगट धरायची. सतरावं फूल झालं तेव्हा पहिली फुलं मिटली होती.

जेवताना आबांनी दिवसाची हकीकत सांगितली. मेस्त्री आता काठी घेऊन चालतात. तरी फुलं काढायला ते स्वतः शिडी धरून उभे राहिले. नंतर बोटीची वेळ होईपर्यंत दोघं माळाच्या कडेला जाऊन बसले.

"तिथून पाणी दिसतं का?" शाल्मलीनं हळूच विचारलं.

"दिसतं. भिकाजी मला बोटानं दाखवत होता, आपली विहीर तिथं, तुझा माड तिथं. त्याला सगळं आठवतंय गं. मला वाटायचं, मी एकटाच ते धरून बसलोय."

तीन दिवस गेले. शाल्मलीला वर जायचीच भीती वाटत होती. चौथ्या दिवशी ती गेली. सहा फुलं गळलेली होती. उरलेल्या अकरा ठिकाणी, वाळलेल्या पाकळ्यांच्या आत, हिरवा गुळगुळीत दाणा फुगायला लागला होता. ती धावत खाली आली आणि आबांना हाताला धरून वर घेऊन गेली. दोघंही मोजत राहिले, एकदा, मग पुन्हा एकदा.

कार्तिकातल्या सभेत शाल्मलीनं उभं राहून सगळ्यांना परागणाचं कोडं समजावलं. लिंबाएवढी झालेली फळं बघायला सुलभाताई स्वतः गच्चीवर आल्या. वेल राहिले. शिवाय, मेस्त्रींच्या वेलाची एक फांदी आणून इथं लावायची, म्हणजे पुढच्या वर्षीपासून भोंगे आपलं काम करतील, असंही ठरलं. ती फांदी घेऊन मार्गशीर्षात मेस्त्री स्वतःच आले आणि चांगले चार दिवस राहिले.

पौषात फळं पिवळी झाली. त्यांतल्या बिया शाल्मलीनं मातीत पेरल्या. महिन्याभरानं चोवीस रोपं वर आली. यास्मिनआजी म्हणाल्या, यांतलं प्रत्येक वेगळं आहे. एखादं कमी पाण्यात तगेल, एखादं खाऱ्या वाऱ्यात. कुठलं काय करेल ते वाढवल्यावरच कळणार, त्याला काही वर्षं लागतील, आणि ते काम आता शाल्मलीचं.

शाल्मली ओणवी होऊन रोपं निरखत होती. एकाचं पान जरा रुंद, एकाचा देठ लालसर. आपल्या वेलावर कुठलं गेलंय आणि मेस्त्रीआजोबांच्या वेलावर कुठलं, असं तिनं आबांना विचारलं.

"कुणावर का जाईना," आबा म्हणाले. एक रोप वाऱ्यानं कललं होतं, त्याकडे त्यांनी बोट केलं. "आधी त्याला काठी लाव."