दाराच्या अलीकडे एक वाटी, पलीकडे एक

सुरुवातीलाच सांगते, ही कुणाच्या मावशीच्या शेजारणीची गोष्ट नाही. माझ्याच घरात घडलेली आहे. या सगळ्या प्रकरणात मी खोटं एकदाच बोलले, आणि ते तुमच्याशी नाही.

रात्रही नव्हती. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझे बाबा. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, मी प्लास्टर ओतून साचे करते आणि त्यावर दात बसवते. मागची खोली म्हणजे माझा कारखाना. तिथल्या फरशीवर कायम पांढरी पूड असते. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे जेवढे दात आहेत, तेवढे अख्ख्या बिल्डिंगच्या तोंडात नसतील."

बाबांची एक मांजर होती. बारा वर्षांची. नाव मालकीण, कारण घर तिचंच होतं. आई गेल्यावर ती बाबांच्या उशाशी झोपायला लागली, तेव्हा कुठे बाबा दोन घास नीट जेवायला लागले.

मग जनावरांच्या डॉक्टरबाईंनी एक बोका माझ्या गळ्यात घातला. पाच वर्षांचा. त्याचे मालक त्याला दवाखान्यात ठेवून गेले ते परत आलेच नाहीत. मला कीव आली. आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो.

डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं. "दोघंही मोठी आहेत. चौदा दिवस एकमेकांचं तोंड दाखवायचं नाही. मध्ये बंद दार, अलीकडे एक वाटी, पलीकडे एक. आधी वास, मग आवाज, मग तोंडं. घाई केलीत तर पस्तावाल."

बाबांनी कॅलेंडरवर चौदा चौकटींना पेन्सिलीने गोल केले. रोज साडेतीनला दोन वाट्या भरायच्या आणि एक गोल खोडायचा.

पाहुणा माझ्या मागच्या खोलीत. घासायचं मशीन लावलं की तो भिंतीवर चढायचा, म्हणून काम बंद. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, एका आजोबांची कवळी शनिवारी हवीच आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मांजरंच तर आहेत, म्हटलं. होऊन होऊन काय होणार आहे?

बाबा आतल्या खोलीत झोपले होते. कुरियरवाला साच्यांचं खोकं घेऊन नुकताच गेला होता. मालकीण दाराबाहेर आपल्या वाटीतलं खात होती.

मी दार उघडलं.

पाहुण्याने सरळ तिच्या अंगावर झेप घेतली. मालकीण किंचाळली आणि बाहेरच्या दाराकडे पळाली. ते दार कुरियरवाला गेल्यावर मी नुसतं लोटलं होतं. कडी घातली नव्हती.

मी तीन जिने उतरून खाली पोहोचेपर्यंत रस्त्यावर एक टेम्पो थांबला होता. ड्रायव्हर डोक्याला हात लावून उभा होता.

तिला मी बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ पुरलं. प्लास्टरच्या रिकाम्या खोक्यात घालून. तिचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले. हे मुद्दाम सांगून ठेवते.

वर आले तर बाबा दारात उभे.

"मालकीण कुठे दिसत नाही गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दार उघडं राहिलं होतं बाबा. पळाली वाटतं. जेवण झाल्यावर तुम्ही कचरा ठेवायला गेला होतात, तेव्हा..."

वाक्य पुरं करायची वेळच आली नाही. बाबांचा चेहरा उतरला. "असेल," ते म्हणाले. "हल्ली माझं लक्ष कुठे असतं."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या दारावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'दार लावलं का?' बाबा दिवसातून दहादा उठून कडी चाचपायचे. खुर्चीवर बसायचे, परत उठायचे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करणारी मी, पण माझं तोंड काही उघडेना. मला माझीच लाज वाटत होती.

पाहुण्याला परत खोलीत ठेवलं. तो बाबांचाच हट्ट. "ती येईल. आली की तो समोर नको. नियम मोडायचा नाही." दोन वाट्याही चालूच राहिल्या. बाहेरची वाटी भरलेली असायची, तशीच संध्याकाळी बाबा उचलायचे.

सातव्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी मी दार लावून हाताने एक कवळी घासत बसले होते. पाहुणा खात होता. खाता खाता तो थांबला. त्याचे कान दाराकडे वळले.

आणि दारापलीकडून...

कुर्र. कुर्र.

मग थोडा वेळ काहीच नाही.

कुर्र.

मालकिणीच्या डावीकडच्या दाढा पडल्या होत्या. ती एकाच बाजूने, थांबत थांबत चावायची. कोण कसं चावतं हे ओळखणं माझा धंदा आहे. माझ्या हातातली कवळी खाली पडली.

बाबाच असतील, मी मनाला समजावलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचं घोरणं ऐकू आलं.

आवाज थांबल्यावर मी दार उघडलं. वाटी अर्धी झाली होती. बाहेरच्या दाराला कडी होती. खिडक्यांना जाळ्या होत्या.

मग ते रोजचंच झालं. साडेतीन वाजले की पाहुणा दाराच्या फटीपाशी जाऊन बसायचा. एकदा त्याने फटीतून पंजा बाहेर सरकवला. नखं आत ओढलेली. आणि तो पंजा...

पलीकडून कुणीतरी ओढला. हलकेच, खेळात ओढतात तसा.

बाबा मात्र खुलले होते. "वाटी रिकामी होतेय बघ. आली आहे ती. रुसली आहे म्हणून दिसत नाही एवढंच." ते पोटभर जेवायला लागले. मी त्यांना काय सांगणार होते? ती टाकीजवळच्या खोक्यात आहे, आणि तिला तिथे मीच ठेवलंय?

चौदावा दिवस रविवार होता. बाबांनी धुतलेला शर्ट घातला, शेवटचा गोल खोडला आणि वाटी भरून माझ्या खोलीच्या दारापाशी उभे राहिले. मी त्यांच्याशेजारी. पाहुणा आत.

"उघड," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे कुणी नाहीये."

"चौदा झाले. उघड."

मी दार उघडलं.

पाहुणा फरशीवरच्या पांढऱ्या पुडीत बसला होता. त्याने मान पुढे केली. नाक उचललं. समोरच्या रिकाम्या जागेला हळूच नाक लावलं आणि डोळे मिटले. मग अंग चोरून घेतलं, अरुंद जिन्यात आपण समोरच्याला वाट देतो तसं.

आणि पुडीत...

एक पाऊल उमटलं.

मग दुसरं. मग तिसरं. पाहुण्याच्या अगदी जवळून पावलं टेबलाखाली गेली आणि तिथेच थांबली. पाहुणा जागचा हलला नव्हता.

मी भिंत धरली. दहा दिवसांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं. "बाबा, त्या दिवशी ते दार... तुम्ही नाही, मी..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टेबलाखाली बघत होते आणि हसत होते.

"आधी बाहेरचं दार बघ," ते हळूच म्हणाले. "मागच्या वेळेसारखं नुसतं लोटून ठेवू नकोस. कडी घाल."

मी ते दार लोटलं होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी जाऊन कडी घातली. माझं वाक्य अर्धंच राहिलं. आता आठ महिने होतील, ते अजून अर्धंच आहे. मी सुरू करायला गेले की बाबा मशीनचा आवाज जास्त आहे म्हणतात, किंवा दात मोजायला लागतात.

दोन वाट्या आम्ही अजून भरतो. दोन्ही रिकाम्या होतात. मी रोज संध्याकाळी फरशी झाडते आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुडीत दोन मांजरांची पावलं असतात.

चिठ्ठीही दारावर तशीच आहे. त्या रविवारनंतर बाबा एकदाही तिच्यापाशी थांबलेले नाहीत. कडी चाचपतही नाहीत. आता मीच दिवसातून दहादा उठते, कडी बघते आणि ते थरथरतं अक्षर वाचते.

बाबांनी ती पहिल्यापासून कुणासाठी लावली होती, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.